जनरल वॉर्डातली हवा

"मशीन कुठंय?" उत्तरेश्वरने विचारलं, तेव्हा दीपाली सिस्टर त्याच्या बायकोच्या, मुक्ताईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत होत्या.

"कसली मशीन?"

"एसीची. गार हवा येतीय नव्हं? मग मशीन असंल ना कुठंतरी."

"मशीन नाहीये, काका. इमारतच तशी आहे. आणि आपण पलंगावरून उठा. नातेवाइकांसाठी स्टूल ठेवलंय, ते शोभेला नाही."

उत्तरेश्वर स्टुलावर बसला, पण त्याची नजर काही बसेना. छत, खिडक्या, कोपरे, सगळीकडे ती फिरून आली. बाहेर हडपसरचा मे महिना पेटलेला, आणि इथे जनरल वॉर्डात माठाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं. आवाज मात्र कसलाच नाही. गार हवा म्हणजे मशीन आणि मशीन म्हणजे आवाज, असाच त्याचा आजवरचा हिशोब होता.

याच सरकारी रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, तळघरातल्या एसी प्लांटवर तो ऑपरेटर होता. ऐन तारुण्यात धाराशिवकडून येऊन चिकटला, तो आता निवृत्तीला टेकला होता. कॉम्प्रेसरच्या घरघरीने डावा कान जवळजवळ गेलेला. प्लांटमधली गार हवा ऑपरेशन थिएटरला जायची, आयसीयूला जायची आणि साहेबांच्या केबिनांना. वॉर्डांना पंखे होते.

आवारातच नवी इमारत उभी राहू लागली, तेव्हा पेपरात टीका आली. गोळ्या नाहीत, सलाइन नाही आणि हरित इमारतीच्या सर्टिफिकेटावर उधळपट्टी चाललीय, असं काहीसं. उत्तरेश्वरने ती बातमी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवली होती. "जमिनीतून गार हवा येणार म्हणं. मंग मला इतकी वर्षं पगार काय देवदर्शनाचा दिला का रं?" सगळे हसले होते. तोही हसला होता. पण ही इमारत खरंच चालली तर आपला प्लांट बंद होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुक्ताईची छाती फरसाणच्या कारखान्यात कढईपुढे उभी राहून राहून खराब झाली होती. मागच्या मे महिन्यातही तिला दाखल करावं लागलं होतं, तेव्हा जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्लॅब तव्यासारखा तापायचा आणि पंखा तीच गरम हवा खाली फेकायचा. ती आडवी झाली की धाप लागायची, म्हणून दिवसचे दिवस बसून काढले होते तिने. एकदा तिने विचारलं होतं, "अहो, तुमची गार हवा इथं नाय का येत?"

"इथवर पाइप नाय गं आणला त्यांनी," तो म्हणाला होता आणि एक्स-रेच्या पाकिटाने तिला वारा घालत राहिला होता. मग ड्यूटीची वेळ झाली म्हणून तळघरात उतरला, तर वरून फोन: साहेबांच्या केबिनमध्ये आज नीट गार होत नाहीये. त्याने कूलिंग वाढवलं होतं.

आता नव्या वॉर्डातला हा दुसरा दिवस. भर दुपारी वीज गेली.

उत्तरेश्वर स्टुलावरून ताडकन उठला. जुन्या सवयीने पाय जनरेटरकडे निघाले होते. वीज गेली की वॉर्डात एकच कालवा उठतो, पदर, पुठ्ठे, ताटल्या, जे सापडेल त्याने माणसं वारा घेऊ लागतात, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. इथे कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. आयसीयूसाठीचा जनरेटर कुठेतरी लांब सुरू झाला. वॉर्डात वरच्या उंच खिडक्यांमधून मऊ उजेड उतरत होता. शेजारच्या पलंगावरच्या तुळजाबाई निवांत केस विंचरत होत्या.

"मावशी, लाइट गेली," तो म्हणाला.

"व्हय का?" त्या म्हणाल्या आणि विंचरत राहिल्या.

भिंतीच्या तळाशी एक रुंद जाळी होती. उत्तरेश्वरने गुडघे टेकून तिच्यापुढे तळहात धरला. हवा येत होती. एका लयीत, घाई नाही, थकवा नाही. तो तसाच किती वेळ बसला कोण जाणे.

"काही हरवलं का?" मागून आवाज आला. रुग्णालयाच्या इंजिनिअर कादंबरी मॅडम फेरीवर निघाल्या होत्या.

"मॅडम, वीज गेली तरी ही चालूच हाय."

मॅडम हसल्या. "प्लांटवरचे ना तुम्ही? चला, दाखवते."

त्यांनी त्याला आधी गच्चीवर नेलं. तिथे काळ्या रंगाच्या उंच धुराड्यांची रांग उभी होती, जवळ जाववत नव्हतं इतकी तापलेली. "उन्हाने ही तापतात," मॅडम म्हणाल्या, "आतली हवा गरम होऊन वर निघून जाते. तिच्या मागोमाग वॉर्डातली हवा ओढली जाते आणि तिच्या जागी जमिनीखालून नवी येते."

"म्हंजी ऊन जेवढं जास्त..."

"तेवढी ओढ जास्त."

उत्तरेश्वरने डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं. ज्या उन्हाशी तो जन्मभर तळघरात भांडत आला, त्यालाच या लोकांनी कामाला लावलं होतं.

मग बागेखालचा बोगदा. दारातून पायऱ्या उतरायच्या होत्या. त्याने नकळत चपला काढल्या. "अहो, राहू द्या चपला," मॅडम म्हणाल्या, पण त्याला ते ऐकू गेलं नाही. आत पुरुषभर उंचीची काँक्रीटची वाट लांबवर गेलेली, अंधूक उजेड, ओल्या मातीचा वास. वारा पाठीमागून आला आणि त्याचा सदरा फुगला. वर सगळं शहर भाजून निघत होतं आणि इथे भुई आपला गारवा निमूट देत होती. त्याने भिंतीला हात लावला. काही थरथरत नव्हतं.

त्याने विचारलं, "मॅडम, लोक म्हणत्यात हा खर्च वसूल व्हायचा नाय."

"विजेचं बिल पुष्कळ उतरलंय. पण बांधायला जे जास्त लागलं ते निघायला अजून काही वर्षं जातील. पहिल्या पावसाळ्यात तर या बोगद्यात पाणी शिरलं होतं, लोकांनी शिव्या घातल्या. आणि दारात सर्टिफिकेटची पाटी लावली म्हणून हवा येत नसते. रोज जाळ्या साफ ठेवाव्या लागतात, तेव्हा येते."

"आन् आमचा प्लांट?"

"महिनाअखेरीला बंद होतोय. थिएटर आणि आयसीयूला नवी मशिनं बसवलीत. ती कंपनीची माणसं बघतात."

उत्तरेश्वरने मान हलवली. "करा बंद," तो म्हणाला. "मागल्या साली बायको वरच्या वॉर्डात होती. माझी हवा काय तिच्यापत्तुर गेली नाय."

तो परत आला तेव्हा मुक्ताई झोपली होती. बसून नव्हे, चक्क आडवी होऊन. तोंड किंचित उघडं, छाती सावकाश वरखाली होत होती. तो स्टुलावर बसून बघत राहिला. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

"कुठं गेलता?"

"हवा बघाया."

"दिसली?"

"दिसली," तो म्हणाला.

आठवड्याने तिला घरी सोडलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, जपायचं फक्त. घरात उकाडा होऊ देऊ नका. उत्तरेश्वर हो म्हणाला. भाजी मंडईमागच्या त्यांच्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं, हे त्याने डॉक्टरांना सांगितलं नाही.

भर दुपारीच निघावं लागलं. इमारतीच्या मोठ्या दारात सावली संपत होती. पुढे पांढरंफटक ऊन आणि उन्हात रिक्षा. मुक्ताई उंबऱ्याशी आली आणि थबकली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "एवढी घेऊन जाते."

तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. उत्तरेश्वरने थांब म्हणून त्याला हात केला आणि हातातली पिशवी खाली ठेवली.