बहिऱ्यानं आणलेला बहिरा

मी एक कुत्रा आहे आणि ठार बहिरा आहे. मग माणसांचं बोलणं मला कसं कळलं, असं विचारू नका. तुमच्यात फाटक्या छत्र्या आणि शाळेतले बाक आपापली कहाणी सांगतात, त्यांना कुठे कान असतात?

जन्म महाल नावाच्या जुन्या वस्तीतला, एका किराणा दुकानाच्या फळीखाली. अंगावर एकही डाग नाही, नुसता पांढरा. आई भुंकली की भावंडं बाजूला पळायची, मी तिथेच बसून राहायचो. असाच एकदा सायकलरिक्षाच्या वाटेत बसलो. घंटी रिक्षावाल्यानं पुष्कळ वाजवली म्हणतात. मागचा पाय मोडला, आणि कोणीतरी मला उचलून गावाबाहेर मुक्या जनावरांच्या आसऱ्यात नेऊन ठेवलं.

आसरा यमुताई चालवत. टांग्याचे म्हातारे घोडे, दोन आंधळ्या गायी, बाकी आम्ही कुत्री. लोक यायचे, शीळ घालायचे, जे कुत्रं धावत येई ते नेत. मी उठायचो नाही म्हणून शिष्ट ठरलो. गिरिधर नावाच्या दुकानदारानं माझा रंग पाहून मला राखणीला नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं. "ताई, हे कुत्रं आहे का कापसाचा गठ्ठा?" मग यमुताईंनी माझ्या डोक्यामागे थाळी वाजवून पाहिली. मी ढिम्म.

चौऱ्याहत्तर साली लहानू आला. गिरणीच्या विणाई खात्यात त्यानं तीस वर्षं काढली होती. तिथल्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, माणसं हातानंच बोलतात. त्याच सवयीनं त्यानं तळहात छातीकडे ओढला. मी उठून गेलो. मला कळेल असं कोणी पहिल्यांदाच बोलावलं होतं.

"न्या, पण हा बहिरा आहे बरं का," यमुताई म्हणाल्या. लहानूनं मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलावायचा, कारण गिरणीनं त्याचेही कान खाल्ले होते. हे कबूल करण्यापेक्षा मान डोलावणं त्याला सोपं जाई.

घरी आल्यावर कुत्रा कशासाठी हवा होता ते कळलं. त्याच्या मुलीनं, जयानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. वर्षभर बापानं अबोला धरला. पुढे राग गेला, पण तसा निरोप धाडायचा राहून गेला. एक दिवस ती मौद्याहून तान्हं बाळ घेऊन आली. आई भीमाबाई जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायला गेलेली. जयानं बराच वेळ कडी वाजवली. खिडकीतून पाहिलं तर बाप पाठमोरा बसलेला, हलायला तयार नाही. ती परत गेली ती पुन्हा आली नाही. जया येऊन गेल्याचं शेजारणीकडून कळलं तेव्हा लहानूनं बायकोला सांगितलं, मी घरी नव्हतो. तिला ते पुरतं पटलं नाही; कोणी आलं की दारावर भुंकणारं काहीतरी पाहिजे, एवढं मात्र भीमाबाईनं ठरवलं.

दोन दिवसांत तिनं मला ओळखलं. दारात पोस्टमन उभा, आणि आम्ही दोघंही आपले दाराकडे पाठ करून बसलेले. रविवारी ती आम्हा दोघांना घेऊन आसऱ्यात गेली.

"बाई, बहिरं कुत्रं काहून देलं आमाले?"

"मी यांना समोर सांगितलं होतं," यमुताई म्हणाल्या. "यांनी हो म्हटलं."

भीमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि हो कसं म्हटलं, ते सावकाश त्याच्या तोंडासमोर विचारलं. लहानू माझ्या दोरीशी चाळा करत राहिला.

"मले ऐकूच नाही आलं," तो शेवटी म्हणाला. "मले आता काहीच ऐकू येत नाही."

"अन् त्या दिवशी?"

"घरीच होतो."

मला वाटलं, आता आपलं गाठोडं इथेच राहणार. फार भीती वाटली. भीमाबाईनं माझी दोरी आपल्या हातात घेतली. "चला जी. मौद्याले जाऊ."

एसटीत कंडक्टर माझ्यावरून बरंच काही बोलला. लहानूनं मान डोलावली आणि मला सीटखाली ढकललं.

जया दारातच होती, कडेवर पोर. बापाला पाहून तिचं तोंड उतरलं. लहानू पायरीखालूनच म्हणाला, "जये, त्या दिवशी मी घरातच होतो. कडी मले ऐकू नाही आली. मी बहिरा झालो वं पोरी."

ती पाठ फिरवून काहीतरी बोलली. काय, ते आम्हा दोघांना कळलं नाही. भीमाबाईनं तिला खांद्याला धरून आमच्याकडे वळवलं. "आता बोल. तोंडाकडे पाहून समजते त्याईले."

जया बापाच्या तोंडासमोर आली. "बाबा," ती म्हणाली, "जेवूनच जा." आणि पोर त्याच्या हातात दिलं.

मला परत न्यायचा विषय नंतर कोणी काढला नाही. आता मी म्हातारा झालो आहे, डोळ्यांत फूल पडलं आहे. लहानूचा हातही दिसत नाही. तो जवळ येऊन पाठीला हात लावतो, तेवढं पुरतं. जाण्याआधी एक सांगतो. तुमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर रागावून परत फिरू नका. त्याच्या समोर जाऊन उभे राहा.