ही ओळ काढू नये

"उलट आता बरोबर झालंय, बाई. आधीचंच चुकीचं होतं," कॉम्प्युटरवाली फोनवर म्हणाली, आणि माझं डोकंच फिरलं.

सव्वीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या औषधखोलीत बाटल्यांची लेबलं छापते. औषध कोणाला, किती, दिवसातून किती वेळा. सगळे मला लेबलबाईच म्हणतात. आणि तीन आठवड्यांपूर्वी आलेली ही बया मला सांगणार, माझ्या स्क्रीनवर काय बरोबर नि काय चूक. काल संध्याकाळपर्यंत चांगली ठसठशीत असलेली अक्षरं सकाळी मशीन चालू करते तो मुंगीएवढी. सेटिंगमध्ये जाऊन मोठी करावीत, तर तिथलीही बारीक. म्हणजे अक्षरं मोठी करायला आधी बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. ही अक्कल कोणी पाजळली देव जाणे. तिचं आपलं एकच, मशीन लिनक्सवर चालतं, स्क्रीनचं रेझोल्यूशन कधीकधी आपोआप बदलतं, सवडीने येऊन बघते. सवडीने म्हणे. मी फोन आपटला.

खरं काय ते सांगूनच टाकते. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. समोर बघितलं की नेमका मधलाच भाग धूसर होतो, आणि चष्म्याचा नंबर वाढवून ते भागणारं नाही. घरी फक्त नवऱ्याला माहीत. तो रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचतो आणि आपल्याला पहिल्यापासून तशीच सवय असल्याचं सोंग आणतो. इथे फक्त जुन्या कॉम्प्युटरवाल्याला माहीत होतं. त्याने एकदा मला स्क्रीनला नाक लावून बसलेलं पाहिलं. बोलला काही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मशीन चालू झालं की माझी अक्षरं आपोआप मोठी व्हायला लागली. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने तडकाफडकी गेला. गुपितही त्याच्याबरोबर गेलं, असं मी धरून चालले होते.

साहेबांना कळलं असतं तर लेबलांवरून उचलून मला परतीच्या रिकाम्या बाटल्या लावायला बसवलं असतं. सव्वीस वर्षांत जिचं एक लेबल चुकलं नाही, तिला. म्हणून मी तोंड दाबून बसले, ड्रॉवरमधलं भिंग काढलं आणि ती येईपर्यंत अकरा लेबलं छापली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भिंग, स्क्रीनवर भिंग, आणि दर लेबलाला तिच्या नावाने बोटं मोडणं.

अकराच्या सुमारास ती आली. चाळिशीची बाई, कपाळावर चष्मा चढवलेला. मी तिला बसही म्हटलं नाही. तिने वाकून मागची केबल पाहिली आणि काल कोणी टेबल हलवलं का विचारलं. हलवलं होतं. झाडताना केबल निघाली, ती सफाईवाल्याने शेजारच्या भोकात खोचली. भोक बदललं की मशीनच्या लेखी स्क्रीनचं नावच बदलतं, ती म्हणाली, मग जुन्या नावाने दिलेला अक्षरं मोठी करायचा हुकूम लागू होत नाही. म्हणजे हिचा काही दोष नव्हता तर. त्याचाही मला रागच आला.

मग तिने एक फाइल उघडली आणि पुटपुटत वाचायला लागली. हुकमाची ओळ, आणि तिच्यावर जुन्याने लिहून ठेवलेलं, "ही ओळ काढू नये. का, ते बाईंना विचारू नये."

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या ड्रॉवरमधल्या भिंगाकडे. विचारलं काही नाही. ओळीत स्क्रीनचं नवं नाव घातलं, अक्षरं पुन्हा टपोरी झाली आणि ती निघून गेली.

सुटले, असं वाटायला हवं होतं. सवयीने मी सकाळची यादी वर सरकवली. सातवं लेबल, बालविभाग, आठ महिन्यांचं बाळ, ५ मिली. आकडा खटकला. चिठ्ठी काढून भिंग धरलं. तिच्यावर ०.५ मिली.

लिफ्टसाठी थांबले नाही. तीन मजले कशी चढले मला माहीत नाही. सिस्टर खाटेपाशी उभी होती, हातात सिरिंज, पाचच्या आकड्यापर्यंत भरलेली. मी ती हिसकावूनच घेतली. औषध देण्याआधी दोघींनी लेबल चिठ्ठीशी मोठ्याने ताडून बघायचं, असा इथला नियम आहे. तो का पाळला नाही म्हणून मी अशी ओरडले की बाळाची आई दचकून उभी राहिली.

"एवढ्याशा जिवाला पाच मिली? डोळे आहेत की नाही तुला?"

सिस्टर पांढरीफटक पडली. "तुमचं लेबल असलं की आम्ही ताडून बघत नाही, बाई," ती म्हणाली. "बाकी कोणाचं असलं तरच बघतो."

डोळे आहेत का म्हणून मी कोणाला विचारत होते! आणि वर ती आई मला म्हणते, बरं झालं बाई, तुमच्या लक्षात आलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाली येऊन आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच. चूक माझी, डोळे माझे, दोन वर्षं लपवलं ते मीच, आणि तुम्हाला कोणालाच कसं कळलं नाही? साहेबांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, उद्यापासून लेबलांवर दुसऱ्या कोणाला तरी बसवतो, तुम्ही परतीच्या बाटल्यांकडे जा. उद्यापासून कशाला, मी म्हटलं, आत्तापासून. आधी सकाळची बाकीची दहा लेबलं मागवून त्यांच्यासमोर ताडून घेतली. ती बरोबर होती.

कॉम्प्युटरवालीला परत बोलावलं. या वेळी मी स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

"अक्षरं बारीक कर," मी म्हटलं. "इथे बसणारीचे डोळे चांगले असतील."

"ओळ पुसून टाकू?"

मी भिंगाचा ड्रॉवर उघडून पुन्हा लावला. तिने ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण टाकली. अशी खूण टाकली की ओळ तिथेच राहते, ती म्हणाली, फक्त मशीन ती वाचत नाही.

स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि बारीक अक्षरं परत आली. मी ड्रॉवरमधून भिंग घेतलं. पर्समध्ये न घालता, हातात धरूनच बाहेर पडले.