कडू पट्टीत असतं की जिभेत

पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मला चव परीक्षकाची नोकरी मिळाली होती, आणि माझ्या जिभेला चवच नाही म्हणून ती गेली. या दोन्ही गोष्टी मला बुधवारी दुपारी चार वाजता एकाच ईमेलमधून कळल्या.

"आपली निवड झाली होती, पण आज सकाळी आपल्या घरून फोनवर कळलं की तापानंतर आपली चव गेली आहे. वाईट वाटलं. पाच वाजता पुढच्या उमेदवाराला कळवत आहोत."

मला शेवटचा ताप सहा वर्षांपूर्वी आला होता. सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा फोन टेबलावर होता आणि घरात दोनच माणसं होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते रात्रपाळीहून येऊन घोरत होते. राहिली आत्या. मी चार वर्षांची असल्यापासून तिने मला वाढवलं. ती खिडकीशी मशीन लावून लोकांचे पडदे शिवते.

आधी मी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथले अधिकारी फार सभ्य होते.

"हे बघा, एक जण म्हणतं चव आहे, एक म्हणतं नाही. मोजणीची दोन वाचनं जुळली नाहीत तर आम्ही पहिलं वाचन घेणाऱ्यालाच पुन्हा घ्यायला लावतो. ज्यांनी सांगितलं, त्यांनाच बोलू द्या."

पद्धत बरोबर होती, त्यामुळे मला रागावताही येईना.

"आत्या, तू सांगितलंस?"

तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. उत्तर द्यायचं नसलं की ती टाचण्या तोंडात धरते.

"काढ त्या."

तिने एकेक काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. "हो, मीच. त्यात काय चुकलं?"

"खोटं बोललीस!"

"खोटं बोलले, मान्य. पण चुकलं कुठे ते दाखव. पडद्यावर डाग असला तर मी बोट ठेवून दाखवते. ठेव बोट."

मी रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाले आहे. बोट कुठे ठेवायचं ते मला कळेना.

"आणि रविवारी तूच काय म्हणालीस?"

रविवारी मी कॉलेजातून उरलेल्या चाचणीच्या पट्ट्या आणल्या होत्या. ही कागदी पट्टी काही लोकांना कडूजहर लागते, काहींना मुळीच नाही. जन्मजात फरक असतो. बाबांनी ती बेसिनमध्ये थुंकून बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत्याने चाटली आणि म्हणाली, "कागद आहे." तेव्हा मी ऐटीत म्हणाले होते, "कडूपणा पट्टीत नसतो, आत्या. जिभेत असतो."

"तसंच हे," आत्या म्हणाली. "तुझ्या जिभेला चूक लागते, माझ्या लागत नाही. पट्टी तीच."

आरडाओरड्याने बाबा उठून आले. सगळं ऐकून त्यांनी डोकं खाजवलं. "प्रत्येक घराची रीत असते गं. आमच्या लहानपणी मोठी माणसं असं बोलली तर त्याला काळजी म्हणायचे. मत घेऊ या."

"लिफ्टचा दोर झिजलाय की नाही, यावर मत घेता का?"

"छे! दोर मोजायचा असतो. पण हे मोजणार कशाने?"

"तसं यंत्र अजून निघालेलं नाही."

"निघालं की उठव मला," आत्या म्हणाली. "तोवर दोन विरुद्ध एक."

"बाबा, तुम्ही तिच्या बाजूने?"

"मला याच घरात जेवायचंय, बाळा."

साडेचार झाले. निदान वेळेचा पुरावा तरी हवा म्हणून मी फोनमधली कॉलची यादी उघडली. सकाळचा कॉल नव्हताच. माझ्या आत्ताच्या कॉलखाली थेट आदल्या संध्याकाळचा कॉल होता.

"आत्या, कॉल कुठे गेला?"

आत्याने उशीतली एक टाचणी उचलली.

या बाईला दोन वर्षांत फोटो पाठवायला जमलेलं नाही. गजर बंद करायला ती फोन उशीखाली दाबते. तिने तो नंबर शोधला, त्यावर बोट धरून ठेवलं, पुसायचं बटण निवडलं आणि फोनने "नक्की?" विचारल्यावर "हो" म्हणून सांगितलं.

"पट्टीची चव लागली नाही तेव्हा तू ती टेबलावर ठेवून दिलीस. लपवली नाहीस. यातलीही चूक लागली नव्हती, तर कॉल पुसलास कशाला?"

"चोराच्या मनात चांदणं, ताई," बाबा म्हणाले आणि लगेच दोन पावलं मागे सरकले.

आत्या बराच वेळ मशीनचं चाक उगाच मागेपुढे फिरवत राहिली.

"किती लांब आहे ते प्रयोगशाळेचं गाव?"

"सात तास."

"म्हणजे तुझ्यावर ओरडायचं झालं तर सात तास प्रवास. पोचेपर्यंत राग शिल्लक राहील का?"

"फोनवर ओरड."

"फोन तू ठेवून देशील."

"नाही ठेवणार."

पावणेपाचला तिने टाचणी पुन्हा उशीत खोचली आणि हात पुढे केला. मी नंबर लावून फोनचा आवाज मोठा केला.

"मी तिची आत्या. सकाळी मीच बोलले. ताप वगैरे काही नाही. चव आहे तिला, नको तितकी आहे. दूध कालचं की आजचं, कपाला तोंड लावलं की सांगते."

"मग सकाळी तसं का सांगितलंत?"

"ती गेली असती म्हणून."

"आता?"

"आताही जाईलच. पण सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "नोंद केली. एक तारखेला रुजू व्हा म्हणावं."

फोन बंद झाला. बाबांनी मला मिठी मारली, मग आत्याकडे बघून जरा कमी मारली.

"एक लक्षात ठेव," आत्या म्हणाली, "चूक कुठे होती ते तू अजून दाखवलेलं नाहीस."

"घास का उतरत नव्हता मग?"

"पित्त असेल. उरली असेल तर पट्टी दे बघू एक."

मी दिली. तिने डोळे मिटून चाटली. "कागद," ती विजयी सुरात म्हणाली, पट्टी सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि दुपारचं जेवण गरम करायला उठली.