टाकीतली हवा

खेमा पेंटर वारून फार दिवस झाले नव्हते, तोवर त्याच्या रंग मारायच्या कम्प्रेसरवर हिंगोलीकडच्या अख्ख्या गोरेगावचा डोळा. पंक्चरवाला येऊन गेला, भंगारवाला तर दोनदा. पद्माबाईनं, म्हणजे खेमाच्या बायकोनं, दोघांनाही वाटेला लावलं आणि नवऱ्याच्या दोस्ताला, जळबाला, निरोप धाडला. जळबा हिंगोलीत दुसऱ्याच्या वर्कशॉपात गाड्या रंगवायचा. मशीन गाडीच्या रंगाला पुरली तर त्यानं इथंच धंदा मांडायचा, खेमाची शेड उघडी राहील. न पुरली तर शेडला कुलूप आणि मशीन भंगारात. सरळ गोष्ट होती. पण सरळ वाटेवरच माणूस घसरतो म्हणा.

जळबा आला तो गुडघ्याला बाशिंग बांधूनच. गावातल्या वैजनाथची सेनगावला पळणारी जीप रंगवून द्यायचं त्यानं आधीच कबूल केलं होतं. मशीनचा पट्टा दाबून पाहिला, तेल पाहिलं. टाकीतल्या हवेच्या मीटरचा काटा अर्ध्यावर उभा होता.

"काटा अडकला वाटतं," तो म्हणाला. खेमा गेल्यापासून बंद मशीन, तिच्यात हवा कुठली असणार?

"न्हाई अडकला," पद्माबाई म्हणाली.

"वैनी, टाकी रिकामी करावी लागते. खालचं पाणी काढून नव्यानं भरल्याबिगर मशीनचा दम कळत न्हाई."

"तशीच चालू करा की. रिकामी काहून करता?"

"आता तुमी शिकवता का मला?" जळबा हसला, खाली वाकला आणि टाकीच्या बुडाचा कॉक फिरवला.

फस्सकन हवा सुटली. गंजाचं लाल पाणी उडालं, मग नुसती हवाच, किती तरी वेळ. काटा हळूहळू खाली आला. अडकलेला नव्हताच तो. पद्माबाईनं धावत येऊन कॉकवर तळहात दाबला, तरी बोटांच्या फटीतून हवा जातच राहिली.

"त्यांनी भरलेली व्हती ती," ती म्हणाली. "शेवटल्या दिवशी. बटन बंद करून जेवायला आले अन् ताटावरच गेले. मी रोज येऊन काटा बघायची."

जळबानं कॉक फिरवून बंद केला, पण काटा तळाला गेला होता. अगं बाई, आधी सांगायचं नाही का! पण असलं काही सांगणार तरी कसं, आणि हा शहाणा ऐकून तरी घेत होता का?

निदान मशीन तरी पास होऊ दे, असं मनात म्हणत त्यानं बटन दाबलं. टाकी झ्याक भरली. पत्र्याचा जुना दरवाजा भिंतीला टेकवून त्यानं रंगाची गन चालवली. रंगाचा पहिला पट्टा गुळगुळीत बसला. दुसऱ्याला काटा धाडकन पडला, मोटार धापा टाकायला लागली, आणि तिसऱ्याला गन थुंकू लागली. पत्र्यावर रंगाचे थेंबच थेंब. खेमानं जन्मभर पेट्या आणि कपाटं रंगवली, तेवढ्याला ती पुरली होती. जीपचं एवढं मोठं अंग तिला झेपणारं नव्हतं.

खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. पण थेंब दोघांच्याही समोर होते.

"न्हाई पुरत, वैनी."

पद्माबाईनं नुसती मान हलवली आणि पदराला हात पुसला.

"मी टाकी भरून ठेवतो," तो घाईनं म्हणाला. "काटा बराबर तिथंच आणून ठेवतो, व्हता तिथं."

"नका भरू," ती म्हणाली. "तुमची हवा घेऊन मी काय करू, भावजी?"