छपराचा ताप

टक्. आणि मग घुर्रर्र.

भर दुपारची वेळ. आमचा अ‍ॅल्बी नुकताच झोपलेला. पाच महिन्यांचं बाळ झोपलं की घरात श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात परसातला पंप सुरू झाला. आमच्याकडे कुणीही नळ उघडला की टाकीचा पंप बोलतो. या घरात चोरून पाणी पिणं शक्य नाही. मी दोन ढांगांत स्वयंपाकघर गाठलं.

ऑर्ला स्टुलावर चढून नळाला तोंड लावून उभी होती. वय वर्षं सहा.

"उकळलेलं पाणी बरणीत आहे ना गं?"

"ते गरम आहे."

"सकाळपासून निवतंय."

"फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात काही निवत नाही, आई," ती म्हणाली आणि पोट धरून खाली बसली.

चार आठवडे हेच चाललं होतं. पोटात कळ, मग दोन दिवस बरं, मग पुन्हा कळ, शाळा बुडलेली. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, "टाकीचं पाणी उकळून दे, आणि या बाटलीत भरून तपासायला पाठव." बाटली खिडकीत उभी होती, रिकामी. नमुने घेऊन जाणारी गाडी फक्त मंगळवारी सकाळी येते, आणि अ‍ॅल्बीचं जे काही व्हायचं असतं ते मंगळवारी सकाळीच होतं. नवरा, डर्क, दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी. तो खाणीवर होता.

येरांगा या आमच्या गावात सरकारी पाणी नाही. पाऊस पत्र्यावर पडतो, पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून टाकीत, टाकीतून आमच्या पोटात. या पाण्याचा गावाला फार गर्व. शहरातून पाहुणा आला की आधी त्याच्या हातात ग्लास द्यायचा आणि तो घोट घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. टाकी साफ करायची गोष्ट काढली की लोकांना वाडवडिलांचा अपमान झाल्यासारखं वाटतं. "माझा बाप हेच पिऊन नव्वद वर्षं जगला," हे वाक्य गावात प्रत्येकाजवळ आहे. ज्यांचे बाप साठीत गेले त्यांच्याजवळही आहे.

अशा गावात शनिवारी ग्लेन पास्को आला.

सभागृहापुढे ही गर्दी. आमच्याकडे निवडणूक असो की चमत्कार, कुणीतरी शेगडी आणतंच. सॉसेज भाजले जात होते, कांदा परतला जात होता, लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. पास्कोची गाडी पांढरीशुभ्र. आमच्या धुळीत एवढी पांढरी गाडी, हाच खरं तर पहिला चमत्कार. गाडीच्या मागे मोठा टीव्ही आणि दोन ड्रोन.

"धाकटा बघतो," पास्को म्हणाला, "थोरला बरं करतो."

धाकटा ड्रोन भुणभुणत सभागृहावर गेला आणि टीव्हीवर सभागृहाचं छप्पर दिसलं. लालभडक. मधेमधे पिवळं, भट्टीतल्या निखाऱ्यासारखं.

"बघा. नीट बघा," पास्को आवाज खाली आणून म्हणाला. "छपराला ताप आहे. सत्तर वर्षं उन्हात उभं आहे बिचारं. कुणी विचारलं त्याला, बाबा तुला कसं वाटतं?"

कुणी विचारलं नव्हतं. दोघातिघांनी माना खाली घातल्या.

"हा ताप पाण्यात उतरतो. पाण्यातून पोटात. कुणाच्या घरी पोटदुखी आहे?"

शंभर माणसांच्या गावात कुणाचं तरी पोट दुखत असतंच. सात हात वर झाले. आठवा माझा होता.

मग थोरला ड्रोन उडाला. पोटाशी पिंप बांधलेलं, त्यातून निळसर फवारा. एका मिनिटात टीव्हीवरचा लाल रंग फाटत गेला आणि छप्पर निळं झालं. थंड, गर्द निळं. सगळे टीव्हीकडेच बघत राहिले. शेगडीवर सॉसेज करपले.

"उतरला," शेजारची मर्ल म्हणाली. मर्लचं वय अठ्ठ्याहत्तर. डोळे पुसत तिने माझा हात धरला. "पोरी, उतरला गं ताप. माझा रेज दोन वाकड्या तारा हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधायचा, तेव्हाही लोक हसायचे."

तिच्या नवऱ्याने, रेजने, बारा विहिरी सांगितल्या होत्या, त्यातल्या नऊ कोरड्या निघाल्या. पण तो पन्हळ साफ करताना शिडीवरून पडून गेला, त्यामुळे त्या नऊ विहिरींबद्दल कुणी बोलत नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत पन्हळीकडेही कुणी बघत नाही.

मी पास्कोला विचारलं, "नर्स म्हणते पाणी उकळा. आम्ही उकळतो."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी बाळाला विस्तवाशी खेळायला दिलं होतं. "ताई, ज्याला आधीच ताप आहे, त्याला तुम्ही आणखी तापवता?"

लोकांनी "हो की!" म्हटलं. मीही म्हटलं. हे लिहिताना हात अडतो, पण म्हटलं.

"औषध पडलं की तिसऱ्या दिवसापासून पाणी शुद्ध. उकळणं बंद. नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा."

बुधवारपर्यंत, छपरामागे पैसे मोजून, चार छपरं निळी झाली आणि चार घरांनी पाणी उकळणं सोडलं. आमचा नंबर गुरुवारी चारला होता. अ‍ॅल्बीचं वरचं दूध पुढच्या महिन्यात सुरू करायचं होतं, याच टाकीच्या पाण्यात.

ऑर्ला पोट धरून स्वयंपाकघरात बसली ती हीच गुरुवारची दुपार.

चार वाजता अंगण भरलं. मर्ल खुर्ची घेऊन आली. ज्यांची छपरं बरी झाली होती ते चौघे अनुभव सांगायला आले. शाळा सुटल्यावर हॅलोरन बाईही आल्या. आमच्या शाळेत एकच शिक्षिका, त्यामुळे गावातला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्यापुढे अजूनही ताठ बसतो.

"ऑर्ला चार दिवस शाळेत नाही," त्या मला म्हणाल्या. "बाटली पाठवलीस?"

मी अ‍ॅल्बीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"बरं," बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

धाकटा ड्रोन आमच्या घरावर गेला. टीव्हीवर छप्पर लाल, आणि शेजारची अवजारांची शेडही लाल.

"अरेरे," पास्को म्हणाला. "हे तर चौघांपेक्षा वाईट. शेडलाही लागण झालीय. ताई, अंगणात लहान मूल वावरतं का?"

मी वळून बघितलं. लहान मूल मागे बागेच्या नळीशी खेळत होतं. उकाड्याने हैराण झालेल्या कुत्र्याला ऑर्ला अंघोळ घालत होती, कुत्रा पळत होता, आणि नळीची धार त्याच्यामागे जाता जाता शेडच्या पत्र्यावर चढली.

"ऑर्ला! टाकीचं पाणी!" मी ओरडले.

"वाया नाही जात, आई, पन्हळीतून परत टाकीतच येतं!"

"आता सगळ्यांनी इकडे लक्ष द्या," पास्को म्हणाला. "औषधाशिवाय हा ताप जगात कशानेही उतरत नाही."

"मग शेडचा कसा उतरला?" मर्लने विचारलं.

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. शेडवर एक जाड निळा पट्टा उमटला होता. ऑर्लाने नळी हलवली, तसा तो पट्टा वळला. तिने स्वतःच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर काढायला घेतलं. लाल पत्र्यावर गोल निळा ओ.

"तो... तो भास आहे," पास्को म्हणाला. "ताप मेंदूत गेला की असं दिसतं."

"कुणाच्या मेंदूत?" मर्ल म्हणाली. तिला खरोखरच माहिती हवी होती.

हॅलोरन बाई पुढे झाल्या. "पास्को, माझा भाऊ शहरात छपरं तपासतो, अशाच ड्रोनने. त्याच्याकडेही हा कॅमेरा आहे. जे गरम ते लाल, जे गार ते निळं, एवढंच तो दाखवतो. उन्हातला पत्रा गरम, ओला पत्रा गार. तुझ्या पिंपात काय आहे?"

"गुप्त आहे."

"मग गुप्तच राहू दे. अर्ध्या छपरावर तुझं औषध मार. अर्ध्यावर ऑर्ला नळीचं पाणी मारेल. बघू कुठला अर्धा आधी बरा होतो."

"दोन उपचार एकदम केले तर पत्रा गोंधळतो."

"पत्रा सोसेल," बाई म्हणाल्या. वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलाला बोलतात, अगदी त्या सुरात. पास्कोचं वय चाळिशीच्या आतलंच असणार, कारण त्याने थोरला ड्रोन उडवला.

डावीकडे औषध, उजवीकडे ऑर्ला. दोन्ही बाजू निळ्या झाल्या. ऑर्लाची थोडी आधी, कारण तिचा नेम चांगला आहे.

मग ज्याचं छप्पर सोमवारी बरं झालं होतं, तो पीट पुटपुटला, "म्हणजे माझं आत्ता..."

"आत्ता चार वाजलेत, तर लालच असणार," बाई म्हणाल्या. "पण काळजी करू नकोस. सूर्य मावळला की गावातली सगळी छपरं आपोआप बरी होतात. आता एक सांग, पास्को. या यंत्राला साधा डोळाही असतो. आपल्याला दिसतं तसं दाखवणारा. तो कधी उघडला नाहीस?"

"त्याची गरज पडत नाही."

"बटण कुठलं?"

पास्कोने रिमोट मागे नेला. मागे ऑर्ला उभी होती. तिने बटण दाबलं.

लाल-निळं सगळं गेलं. टीव्हीवर आमचं घर दिसलं, करड्या पत्र्याचं, थोडं गंजलेलं, वळचणीला नाताळचे दिवे अजून लटकलेले. अंगणातल्या झाडाची फांदी छपरावर वाकलेली, तिच्याखाली पक्ष्यांच्या शिटेचा थर. पन्हळ पानांनी गच्च भरलेली. आणि टाकीकडे उतरणाऱ्या नळाच्या अगदी तोंडाशी, शेपूट लोंबकळत, एक मेलेला पोसम.

मांजराएवढा प्राणी. रोज रात्री आमच्या पत्र्यावर धावायचा. चार आठवड्यांपूर्वी एकाएकी थांबला. अ‍ॅल्बी पहिल्यांदाच सलग पाच तास झोपला, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या देवाचे आभार मानले होते.

"आई," ऑर्ला हळूच म्हणाली, "तो आपल्या पाण्यात आहे?"

मी तिला जवळ ओढलं. एका हातात अ‍ॅल्बी, एका हातात ती. तिचा फ्रॉक ओलाचिंब होता.

"तो तापानेच गेला असणार!" पास्को म्हणाला.

मर्ल खुर्चीतून उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण सगळे थांबले. "मग त्याला औषध मार बघू," ती म्हणाली. "उठून बसला तर माझंही छप्पर तुझं."

पास्को तासाभरात गावाबाहेर होता. पिंप मात्र विसरला. बाईंनी ते उघडून हुंगलं. भांडी घासायचा निळा साबण, पाण्यात कालवलेला.

पास्को गेल्यावर मी लगेच टाकी रिकामी करायला निघाले, तर बाईंनी हात धरला. "आधी नमुना, मग सफाई. नाहीतर पुन्हा अंदाजच." खिडकीतली बाटली त्यांनी स्वतः भरून घेतली. शुक्रवारी डर्क आला. मर्लने शिडी धरली, दोन्ही हातांनी, डोळे घट्ट मिटून, आणि तो खाली उतरेपर्यंत उघडले नाहीत. पोसम निघाला, फांदी कापली, पन्हळीवर जाळी बसली, टाकी धुतली. मंगळवारी मी अ‍ॅल्बीला रडू दिलं आणि नमुना गाडीवर पोचवला. उत्तर आलं: जनावरांच्या विष्ठेतून येतात ते जंतू, भरपूर. ऑर्लाचं पोट दुखायचं दहा दिवसांत थांबलं. त्या चार घरांत पातेली पुन्हा चुलीवर चढली.

यात ड्रोनला मी बोल लावणार नाही. शिडीवरून माणसं पडतात, आमच्या गल्लीला ते माहीत आहे. न चढता वरचं दिसतं, ही मोठीच सोय. बाईंचा भाऊ पुढच्या महिन्यात येऊन गावातल्या सगळ्या पन्हळी बघणार आहे, साध्या डोळ्याने. माझं म्हणणं एवढंच, की कुणी आपल्याला रंग दाखवून घाबरवायला लागला, तर हात वर करण्याआधी विचारावं: हे नक्की काय दाखवतोस? आणि काय दाखवत नाहीस? अर्ध्यावर औषध मारावं, अर्ध्यावर पाणी, आणि बघावं. मुलाचं पोट दुखत असताना हे सुचत नाही. मला सुचलं नाही. म्हणून तर लिहून ठेवतेय, अ‍ॅल्बी उठायच्या आत.

काल रात्री ऑर्लाला झोपवत होते. पत्र्यावर काहीतरी धावलं, दुसरा पोसम असावा. दोघी वर बघत पडून राहिलो. मला वाटलं तिला झोप लागली.

"आई."

"हं?"

"शिडी तर आपल्याच शेडमध्ये होती ना?"

"हो."

"मग एवढे सगळे लोक खाली टीव्हीत का बघत होते?"