संगणकाविना वाजणारे कार्ड

माझ्या नातीचे पणजोबा घड्याळे दुरुस्त करीत, आजोबा रेडिओ आणि बाप संगणक. तिघांचे दुकान एकच. बाप, म्हणजे माझा मुलगा, गेल्या वर्षी वारला. आणि त्याच दुकानात मला जे पाहावे लागले, त्याची किळस अजून जात नाही.

दुकान माणसांनी खच्चून भरले होते. टेबलावर मखमली पेटी, तीत माझ्या मुलाचे जुने साउंड कार्ड, म्हणजे संगणकाला आवाज देणारी पट्टी, उभे रोवलेले. संगणक कुठेच नाही. पेटीमागे बसलेल्या एका महाराजांनी डोळे मिटले आणि कार्डाला जोडलेल्या स्पीकरमधून धून आली. कार्ड दुरुस्त झाले की माझा मुलगा वाजवून पाही, तीच.

"संगणक हा देह, कार्ड हा जीव," महाराज तुपाळ आवाजात म्हणाले. "देह गेला, जीव बोलतोय. त्याला इथे आश्रम हवाय."

शेजारच्या दुरुस्तीवाल्याने मान डोलावली. "आजी, माझा जन्म यात गेला. संगणकात बसवल्याशिवाय कार्ड वाजत नाही." आपल्याला जे कधी करावे लागले नाही ते होऊच शकत नाही, ही या शहाण्यांची समजूत. त्यांच्याच शब्दावर माझी सून दुकान महाराजांच्या नावे लिहून द्यायला बसली होती.

नात पुढे झाली. "महाराज, कार्ड उचलून दाखवा."

"जीवाला इजा होईल, बाळ."

"मग राहू द्या."

तिने बापाच्या अडगळीतून तसलेच दुसरे कार्ड काढले, बिस्किटाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे घरून गाणी भरून आणलेली चिप, तारांनी कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांना जोडला आणि स्पीकर लावला. तीच धून वाजली. मग साबणाच्या जाहिरातीचे गाणे वाजले.

"आई, आता हे कोण गातंय? बाबांनी साबण विकायला घेतला?"

"पण संगणक कुठंय?" दुरुस्तीवाला पुटपुटला.

"काका, समोर कोण आहे ते कार्डाला कळत नाही. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा, आणि 'आता घे' असा इशारा, एवढं दातांवर वेळेत आलं की झालं. संगणक पाठवो नाहीतर ही चिप."

मी स्वतः पेटी उलथी केली. मखमलीखाली तसलीच चिप, बॅटरी आणि महाराजांच्या पायाखालच्या बटणापर्यंत गेलेली तार. धून तर अख्ख्या गल्लीला पाठ होती. ती मिळवायला सिद्धी लागत नाही, कपभर चहा पुरतो.

"माझ्या मुलाच्या मरणावर पोट भरतोस? ऊठ."

महाराज चपला शोधत निघून गेले.

वाचकहो, कोणी चमत्कार दाखवला तर आधी झाकण उघडायला सांगा. जो उघडू देत नाही, तो लपवतो आहे.

"म्हणजे हिचे बाबा आता नाहीतच," कागद फाडत सून हळूच म्हणाली.

"नाहीत," मी म्हणाले.

माझे पती गेले तेव्हा सासऱ्यांनी मला पोटभर रडू दिले, मग शेजारी बसवून हाती स्क्रूड्रायव्हर दिला आणि दुरुस्तीचे काम शिकवले. त्यांचे ते ऋण माझ्यावर होते. त्या दुपारी मी सुनेला शेजारी बसवले आणि एक बिघडलेला रेडिओ तिच्यापुढे सरकवला. संध्याकाळी तिने तो बोलता केला. ऋण पुरते फिटले.