उंदरांच्या यकृतात मी काय पाहिले

मित्रांनो, मी एक जुना, पितळी मानेचा सूक्ष्मदर्शक आहे. ज्या कारागिराने माझी भिंगे घासली, त्याची स्वतःची नजर त्याच कामात अधू झाली होती. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. शिकाऊ मुले-मुली रांग लावून माझ्यात डोकावत.

पुढे मी तीन माणसांच्या हाती स्थिरावलो. पेशींचे आजार ओळखणाऱ्या डॉक्टर, त्यांना सगळे मॅडम म्हणत. मेणात बसवलेल्या अवयवांचे केसाहून पातळ काप काढून ते काचेवर रंगवणारी ताई. आणि पिंजरे सांभाळणारे वयस्कर गृहस्थ, उंदीरमामा.

एका वर्षी नवे काम आले. छापखान्यातल्या रुळांवरची शाई पुसायला एक उग्र द्रावण वापरत. त्याने यकृताला इजा होते का, ते पाहायचे होते. दोनशे पांढरे उंदीर आले आणि त्यांचे गट पाडले. काहींना नुसते तेल आणि बाकीच्यांना तेलातून ते द्रावण, कमी-जास्त मात्रेत, बारीक नळीने पोटात दिले जाई. प्रयोग दोन वर्षांचा होता. दर तीन महिन्यांनी काही उंदीर बेशुद्ध करून मारत. त्या दिवशी मामा जेवणाचा डबा उघडत नसत.

तिसऱ्या महिन्यात यकृते वरून अगदी निरोगी होती. माझ्याखाली मात्र पेशींचे काही घोळके आजूबाजूच्या पेशींपेक्षा फिके दिसले. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांचे एकेरी अस्तर जागोजाग दुहेरी झाले होते. मॅडमनी वहीत 'किरकोळ बदल' असे लिहिले. असे घोळके कधी कधी साध्या म्हाताऱ्या उंदरांतही दिसतात, घाई नको, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

त्याच सुमारास ताईसमोर पहिल्यांदाच द्रावणाचा डबा उघडला गेला आणि ती दारातच थबकली. तिच्या धाकट्या भावाच्या शर्टांना हाच वास यायचा. तळघरातल्या एका छापखान्यात तो नऊ वर्षे रूळ पुसत होता. तिने मॅडमना सांगितले. मॅडमनी समजावले की उंदरांना फार जास्त मात्रा देतोय, अर्धवट निकालावर कुणाला घाबरवता येत नाही. ताईने भावालाही सांगून पाहिले. तो हसला आणि म्हणाला, "मी काय उंदीर आहे?" घरात दोन लहान मुली होत्या, नोकरी सोडणे त्याला परवडणारे नव्हते. दार उघडे ठेवीन, एवढे त्याने कबूल केले. त्या तळघराला खिडकीच नव्हती.

नवव्या महिन्यात घोळक्यांच्या गाठी झाल्या आणि त्या भोवतालच्या निरोगी पेशींना चेपू लागल्या. पित्ताच्या नळ्यांना वेडेवाकडे फाटे फुटले. ते यकृतात खोल घुसले आणि त्यांच्याभोवती निबर वण धरला. अठराव्या महिन्यात वहीत 'कर्करोग' हा शब्द आला. जास्त मात्रेच्या उंदरांचे कान पिवळे पडलेत, हे मामांनी त्याआधीच सांगितले होते.

त्याच महिन्यात भावाचे डोळे पिवळे झाले. रुग्णालयाने त्याच्या यकृताचा तुकडा तपासायला घेतला. ताईने त्यातली एक काच मागून आणली आणि माझ्याखाली सरकवली. मॅडमनी नेहमीसारखा डोळा लावला. तेच फाटे, तोच वण. पेन उचलत त्यांनी विचारले, "हा कितव्या गटातला?"

"हा माझा भाऊ आहे, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवले. प्रयोग संपायला सहा महिने होते, पण त्यांनी त्याच दुपारी कापांची सगळी चित्रे कारखाने तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि छापखाना कामगारांच्या संघटनेला पाठवली. आमच्या शहरातल्या छापखान्यांत ते द्रावण बंद झाले. भाऊ आणखी अकरा आठवडे जगला.

भावाचे दिवस झाल्यावर ताई परत कामाला आली. उरलेल्या साठ उंदरांचे काप तिनेच काढले. तेही यातच गेले, त्यांची मोजणी चुकवायची नाही, असे ती मामांना म्हणाली.

आता पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आले आहे आणि मी मागच्या फडताळात असतो. मध्यंतरी ताईची मोठी भाची आली. वडिलांची काच तिला बघायची होती. तिने माझ्यातून बराच वेळ पाहिले, मग विचारले, "आत्या, आधी कळलं असतं तर?"

"कळलं होतं," ताई म्हणाली.

मित्रांनो, माझी भिंगे जपून पुसा, असे सांगायचे माझे वय गेले. एकच मागणे आहे. उद्या तुमच्या नजरेला असे काही पडले, तर ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला आधी गाठा आणि सांगा. तो हसेल, तरी पुन्हा सांगा. मोजणी मागून पुरी करता येते.